देवधानाची गाठ

"तुया देवधानाले दाने आले का नाही अजून?" राखीने विचारलं, तेव्हा बुद्धभूषण पॅसेंजर गाडीच्या दाराशी उभा राहून चणेवाल्याची बोटं बघत होता.

चणेवाला एका हाताने कागदाचा पुडा वळायचा, दुसऱ्या हाताने त्यात चणे, कांदा, मिरची टाकायचा आणि खालचं टोक अंगठ्याने असं काही दाबायचा की डिंक नाही, दोरा नाही, तरी पुडा सुटायचा नाही. बुद्धभूषणने एक पुडा खायला घेतला होता आणि दुसरा उलगडून बघायला. उलगडलेला कागद पुन्हा तसाच वळायचा त्याचा उद्योग सौंदड सोडल्यापासून चालला होता. आता हिरडामाली आलं होतं, राखी गाडीत चढली होती, आणि कागद काही जमला नव्हता.

"येऊन राहिले," तो कागदावरची नजर न काढता म्हणाला.

"मागच्या हप्त्यातबी येऊनच राहिले होते. पैदल येऊन राहिले का?"

"देवधान हळू पिकते."

"अन् सबमिशन जल्दी येते. सोमवारी आहे, मालूम आहे ना? मॅडमने काल पुन्हा सांगितलं. तू खिडकीबाहेर पाहून राहिला होता."

ते खरं होतं. खिडकीबाहेर कॉलेजच्या गळक्या नळाखाली एक कावळा चोच उघडी ठेवून थेंबाची वाट बघत उभा होता. कावळ्याला इतका धीर असतो हे बुद्धभूषणला ठाऊक नव्हतं. त्या नादात सबमिशनची तारीख कानावरून गेली.

आता हा मुलगा आळशी होता असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. आळशी माणूस झोपतो. बुद्धभूषण मेश्राम कधी झोपलेला सापडायचा नाही. तो कायम काहीतरी करत असायचा, फक्त जे करायचं ते सोडून. गणिताची वही उघडली की त्याला पेनातली स्प्रिंग दिसायची, आणि स्प्रिंग दिसली की पेन उघडायचं. "तुया डोक्यात उंदीर पडले," असं त्याची आई सुशिलाबाई म्हणायची, "एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात." वडील तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला होते, ते रविवारी घरी यायचे, आणि पोराचा अभ्यास कसा चालला आहे हे विचारल्यावर त्यांना कावळ्याची गोष्ट ऐकायला मिळायची.

गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला टेंभरे मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवत. पावसाळ्यात सत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी प्रत्येकाला एक वनस्पती निवडायला सांगितली होती. पहिल्या पानापासून पिकल्या दाण्यापर्यंत तिच्या मागे राहायचं, प्रत्येक अवस्थेचा नमुना दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून आणायचा. मॅडमची सही नाही तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. राखी पटलेने तरोटा निवडला. तरोटा रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो, त्याच्यामागे कुणाला धावावं लागत नाही. बुद्धभूषणने देवधान निवडलं.

देवधान म्हणजे जंगली धान. कुणी पेरत नाही, कुणी रोवत नाही, गावतलावाच्या उथळ पाण्यात ते आपलं आपण उगवतं. बुद्धभूषणच्या गावचा, पळसटोल्याचा तलाव त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मॅडमनी शाबासकी दिली आणि त्यानेही स्वतःला दिली. घराजवळचं काम, कधीही होईल. आणि कधीही होणारं काम कधीच होत नाही, हे ज्याला त्याला आपापल्या खर्चाने शिकावं लागतं.

पहिलं पान त्याने खरंच दाबलं. तांदळाच्या पोत्याखाली वर्तमानपत्रात ठेवलं आणि रोज पोतं उचलून बघितलं. दुसरी अवस्थाही झाली, फुलांचीही झाली. मग चाचणी परीक्षा आली, दीक्षाभूमीला जाणं आलं, दिवाळी आली, दिवाळीमागून गावोगावच्या मंडया, म्हणजे इकडच्या जत्रा, आल्या. मंडईत दंडारीचा नाच बघायला गेला तर हा बाकीच्यांसारखा समोर बसायचा नाही. नाच्याच्या पायातले घुंगरू कसे बांधतात ते बघायला पडद्यामागे जायचा. राहिला तो पिकला दाणा. तो काय, तलावात उभाच आहे.

शनिवारी दुपारी तो शेवटी गेला. खुरपं घेतलं, वर्तमानपत्र घेतलं, पँट गुडघ्यावर गुंडाळली.

तलावाच्या पाळीवर कैलाश जाळं पसरून बसला होता. कैलाश ढिवर मोहल्ल्यातला, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. तलावातला एकुलता एक चालता डोंगा त्याचा. आंब्याच्या बुंध्यातून कोरलेला तो डोंगा शेजारी पाण्यात खुंट्याला बांधलेला होता.

"काय शास्त्रज्ञ," कैलाश म्हणाला, "आज पान्यात?"

"देवधान पाहिजे, दादा. दान्यावालं."

कैलाशने त्याच्याकडे एकदा बघितलं. "उशीर केला," तो म्हणाला आणि जाळ्याच्या फाटक्या घरात सुतळी ओवू लागला.

उशीर म्हणजे किती, ते पाण्यात शिरल्यावर कळलं. देवधानाच्या लोंब्या उभ्या होत्या, पण सगळ्या पोकळ. देवधानाचा दाणा पिकला की थांबत नाही. कापणाऱ्याची वाट बघणं हा शेतातल्या धानाचा गुण आहे, याचा नाही. एकेक दाणा पिकतो आणि त्याच दिवशी पाण्यात पडतो. हे पुस्तकात होतं. बुद्धभूषणने वाचलंही होतं, आणि वाचून "कसं पडत असेल?" याचं त्याला फार कुतूहल वाटलं होतं. ते बघायचंच राहून गेलं. बैल गेला अन् झोपा केला, असं मनाशी म्हणत तो मांडीभर पाण्यात या लोंबीकडून त्या लोंबीकडे फिरत राहिला.

मग त्याला त्या गाठी दिसल्या.

जरा खोल पाण्याच्या कडेला देवधानाचे झुपके होते, आणि त्यांच्या लोंब्या मोकळ्या नव्हत्या. पाच-सहा ताटं जवळ ओढून, त्यांचे शेंडे खाली वाकवून, त्याच रोपाच्या लांब पानाने कुणी तरी ते एकत्र बांधले होते. एक झुपका तसा, पलीकडे दुसरा, पुढे आणखी कितीतरी. वाऱ्याने असं होत नाही. बुद्धभूषणने वाकून बघितलं. पान दोनदा फिरवलेलं, मग स्वतःच्याच खालून ओढून घेतलेलं, आणि टोक कुठे गेलं ते दिसत नव्हतं. चण्याच्या पुड्यासारखंच. डिंक नाही, दोरा नाही.

आत दाणे असणार, हे त्याला कळलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला दाण्यापेक्षा टोकाची उत्सुकता जास्त होती. त्याने नखाने चाचपलं, टोक सापडलं, आणि ओढलं.

गाठ सुटली आणि ताटं सरळ उभी राहिली. आत अडकून बसलेले सगळे दाणे एकदम पाण्यात पडले. बारीक आवाज झाला. लांब कुसळांचे काळपट दाणे पाण्यावर थोडे टेकले आणि शेवाळात, चिखलात खाली गेले. त्याने दोन्ही हात घातले. ओंजळीत गाळ आला आणि चार पोचट टरफलं आली.

तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली, जी आधी शिरायला हवी होती. गाठ आपोआप पडत नाही. ती कुणीतरी बांधलेली असते.

त्याने ताटं पुन्हा वाकवली आणि पान फिरवून बांधायला घेतलं. पान तुटलं. दुसऱ्या पानाने त्याला येत होती तशी गाठ मारली, बुटाच्या लेसची. बाकीच्या गाठी डोळ्यांसमोर होत्या, खुरपंही हातात होतं, पण हात पुढे झाला नाही. पाळीवर कैलाश खाकरला. बुद्धभूषण पाण्यातून बाहेर आला. कैलाशचं तोंड जाळ्याकडे होतं आणि पाठ तलावाकडे, असं त्याने स्वतःला पटवून दिलं.

"भेटलं का?" कैलाशने विचारलं.

"नाही."

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत असताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, तलावात देवधानाले गाठी कोन बांधते?"

"भागीरथा बांधते. दुसरं कोन?" सुशिलाबाई म्हणाली. "दाना पिकाच्या पयले बांधते, मनजे दाना गाठीतच पडते. मंग डोंग्यात बसून जाते अन् टोपलीत झाडून आनते. ऋषिपंचमीले बैलाच्या कष्टाचं खात नाही ना लोकं, तवा देवधानच चालते. कोहळ्यायच्या घरी, पवारायच्या घरी, सगरीकडे भागीरथाचंच जाते. तिची सासू बांधे, आता हे बांधते."

"अन् दुसऱ्या कोनी सोडली तर?"

"कायले सोडन?" आईने तवा उतरवला. "गाठ दिसली का हात नाही लावाचा. लोकं मनतात पाप लागते. आपन पाप-पुन्य मानत नाही, पन हात आपनबी लावत नाही."

उद्या सकाळी जाऊन सांगू, असं बुद्धभूषणने ठरवलं. भागीरथामावशी काही परकी नव्हती. रोवण्याला, निंदणाला ती आणि त्याची आई एका ओळीत वाकलेल्या असायच्या. लहानपणी तापात तिनेच त्याला मुरमुऱ्याचं पाणी पाजलं होतं. सांगायला कितीसा वेळ लागणार?

सकाळी तो नळावर गेला आणि भागीरथा तिथे आधीच उभी होती. पाण्याचा गुंड भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. समोर कैलाश सायकल धरून उभा होता. कैलाश तिच्या दिराचा मुलगा.

"माही गाठ कोन सोडलन?" ती विचारत होती. आवाज चढवलेला नव्हता. "सोडलन अन् मंग बांधून ठेवलन. मले का दिसत नाही? थे गाठ माही नोहे."

"मले नाही मालूम, काकू."

"तुले नाही मालूम? देवधान जाऱ्यात अडकते, काढून फेका मनून मागच्या महिन्यात कोन मनत होता? मच्छी सोसायटीच्या मिटिंगीत कोन मनत होता?"

"मनलो होतो," कैलाश म्हणाला. "पन गाठ मी नाही सोडलो."

"मंग कोन सोडलन? तलावात तुयाशिवाय जाते कोन?"

कैलाशने नळावरच्या माणसांकडे बघितलं, बुद्धभूषणकडेही बघितलं, आणि मग सायकलच्या चेनीकडे.

"तुया डोंग्यात मी आता पाय ठेवत नाही," भागीरथा म्हणाली. गुंड डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

बुद्धभूषणचा नंबर आला. त्याने बादली नळाखाली ठेवली. आता सांगायचं तर नुसतं "मी सोडली" एवढंच सांगून भागणार नव्हतं. कैलाशदादावर आळ आला तेव्हा मी इथेच उभा होतो, हेही सांगावं लागणार होतं. काल सांगितलं असतं तर एकच गोष्ट सांगायची होती. एका रात्रीत तिच्या दोन झाल्या. सबमिशन आटपू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. सोमवारी परत आल्यावर, निवांत.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट त्याला कळली, आणि तीही आईकडूनच. दाणा पिकल्यावर गाठी दोन-तीन दिवसांत उतरवल्या नाहीत तर जातात. पान वाळून तुटतं, पाखरं आत चोच घालतात, खालच्या पाण्याने दाणा कुजतो. भागीरथा रविवारीच निघणार होती. डोंगा एकच, आणि त्यात ती बसणार नव्हती.

"येडी आहे," सुशिलाबाई म्हणाली. "वर्षाचं देवधान जाते अन् हे रुसून बसली. पन कैलासनंबी असं कराले नाही पाहिजे होतं."

बुद्धभूषणने ताटातला घास तोंडात घातला आणि फार वेळ चावला. त्याने राखीला फोन लावला. राखीने सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाक ना सीधा," ती म्हणाली. "सांगाले किती टाइम लागते? दो मिनट."

"थेच तर मले समजत नाही," तो म्हणाला. "दोन मिनटाचं काम आहे, मंग होत काऊन नाही?"

"त्याच्यावर पण प्रोजेक्ट करतो का आता?"

राखीने फोन ठेवला. बुद्धभूषणने रिकाम्या लोंबीचा नमुना वर्तमानपत्रात घालून पोत्याखाली सरकवला. एक वेळ अशी आली की त्याला या गोष्टीचंही कुतूहल वाटायला लागलं. माणूस न सांगता किती दिवस राहू शकतो? बोलायचं ते घशात नेमकं कुठे अडतं? पण हे कुतूहल नेहमीसारखं गोड लागेना, आणि त्याने ते सोडून दिलं. त्याला लाज वाटत होती. लाजेला दुसरं नाव शोधण्यात अर्थ नव्हता.

सोमवारी सकाळी तो सायकलने सौंदडच्या स्टेशनाकडे निघाला. पाठीवर बॅग, बॅगेत पुठ्ठ्यात बांधलेले नमुने. गाडीला वेळ होता, म्हणजे बुद्धभूषणच्या हिशेबाने वेळ होता. वाट तलावाच्या पाळीवरूनच जाते.

भागीरथा पाण्यात होती. लुगडं कमरेशी खोचलेलं, डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला आणि दुसऱ्या हातात काठी. काठीने तळ चाचपत ती गाठींकडे निघाली होती. कडेच्या एक-दोन गाठी उतरवून झालेल्या असाव्यात. पुढे पाणी खोल होतं. ते तिच्या छातीला लागलं आणि ती थांबली. एक पाऊल पुढे टाकलं, तोल गेला, टोपली वाकडी झाली आणि त्यातलं थोडंबहुत पाण्यात सांडलं. तिने टोपली सावरली आणि तशीच उभी राहिली. मागे आली नाही, पुढेही गेली नाही. काठावर कैलाशचा डोंगा खुंट्याला बांधलेला होता आणि कैलाश त्याच्याशेजारी उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता. ती बुडायला लागली तर उडी घ्यायची, एवढ्यासाठीच तो बसला असावा.

दूर स्टेशनाच्या बाजूला गाडीची शिट्टी वाजली.

बुद्धभूषणने सायकलचा ब्रेक दाबला. आता पायडल मारलं तर गाडी मिळेल. गाडी मिळाली तर सही मिळेल. परत येऊन सांगता येईल, आणि परत येईपर्यंत सगळ्या गाठी तलावात गेलेल्या असतील. तेव्हा सांगितलं काय आणि न सांगितलं काय, सारखंच. हे सगळं त्याला एकाच वेळी दिसलं. त्याने सायकल आडवी टाकली. बॅग पाठीवर आहे हे विसरून तो पाण्यात शिरला, मग आठवलं, परत आला, बॅग पाळीवर ठेवली आणि पुन्हा शिरला.

"मावसी," तो म्हणाला. "गाठ मी सोडलो."

भागीरथाने मान वळवली. ऐकू आलं नसेल असं वाटून तो जवळ गेला आणि पुन्हा म्हणाला, "थे गाठ मी सोडलो होतो. कैलासदादानं नाही. कालेजसाठी लोंबी पाहिजे होती. कसी बांधली आहे थे पाहाले गेलो अन् सुटली. मंग मीच बांधलो. काल नळावर होतो, तवाबी बोललो नाही."

गाडी सौंदडला आली, थांबली आणि निघाली. तिघांनीही ती ऐकली.

"कायले नाही बोलला?" भागीरथाने विचारलं.

"उद्या सांगन मनलो," तो म्हणाला.

"उद्या," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे खालून वर बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती मागे फिरली, पाण्यातून चालत काठाला आली, टोपली डोंग्यात ठेवली आणि स्वतः डोंग्यात चढून बसली. कैलाशकडे तिने बघितलं नाही. लुगड्याचा ओला पदर पिळला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "सोड डोंगा."

कैलाशने खुंट्याची दोरी सोडली. बुद्धभूषण गुडघाभर पाण्यात त्याच्या शेजारीच उभा होता.

"दादा, माफ करजो," तो हळूच म्हणाला.

"मी पाहिलो होतो तुले," कैलाश म्हणाला. "त्याच दिवशी."

"मंग नळावर सांगितला काऊन नाही?"

"तू सांगशील मनून वाट पाहून राहिलो होतो."

एवढं बोलून त्याने डोंगा ढकलला आणि आत उडी घेतली. बुद्धभूषण पाळीवर येऊन बसला. त्याची पँट गळत होती, गाडी गेली होती, आणि कैलाशने वापरलेला एक शब्दही कडू नव्हता. तरी त्याला मार खाल्ल्यासारखं वाटलं.

डोंगा गाठीपासून गाठीकडे जात राहिला. भागीरथा वाकायची, झुपका टोपलीवर ओढायची, टोक न शोधताच गाठीला झटका द्यायची, आणि धाड धाड दोन थापा. मग पुढची. काही गाठी उतरवता उतरवता फुटल्या, काहींत पाखरांनी काही ठेवलं नव्हतं. ऊन वर येईपर्यंत हे चाललं. बुद्धभूषणने मोबाइल बाहेर काढला नाही, फोटो घेतला नाही. तो नुसता बघत बसला.

परत येताना काठाजवळची एक गाठ राहिली होती. भागीरथाने डोंगा तिथे थांबवायला लावला आणि पाळीकडे हात केला.

"ये इकडे. तुले पाहाचं होतं ना?"

तो पाण्यात शिरून डोंग्याच्या कडेला उभा राहिला. भागीरथाने टोपली बाजूला सारली. तिने गाठीचं टोक त्याला दिसेल असं अंगठ्याने वर काढलं, आणि सावकाश सोडलं. या वेळी दाणे एकदम पडले नाहीत. तिने ताटं हळूहळू उभी होऊ दिली आणि दाणे एकामागून एक पाण्यात उतरले. दाणा खाली, कुसळ वर, असे सरळ उभे राहून तळाला जात होते. पाणी निवळ होतं म्हणून शेवटपर्यंत दिसलं.

"हे तलावाची गाठ," ती म्हणाली. "एक गाठ दर साली तलावाले सोडाची. नाही तर पुढच्या साली उगवन काय?"

बुद्धभूषणला एक गोष्ट सुचली आणि ती विचारल्याशिवाय त्याला राहवलं नाही. "मावसी, मंग मी सोडलेली गाठ तलावाची धरली तर?"

"नाही धरत," भागीरथा म्हणाली. "हे मी दिली. थे तू सांडवली. दोनी अलग होत."

तिने रिकामी झालेली एक लोंबी मुळाजवळून मोडली आणि त्याच्या हातात दिली. "ने तुया मॅडमले." मग ती टोपली घेऊन उतरली आणि घराकडे चालू लागली. टोपली दरवर्षीसारखी भरलेली नव्हती. ती काखेत धरता येण्याइतकी हलकी होती.

मंगळवारी टेंभरे मॅडमनी त्याचे कागद टेबलावर पसरले. एक दिवस उशीर झाला होता. त्याचे मार्क त्यांनी आधीच कापले होते आणि तसं सांगितलंही होतं. राखी दाराशी उभी राहून उगाच तिच्या तरोट्याच्या शेंगा तपासत होती.

"पान चांगलं आहे. फुलोराही चांगला," मॅडम म्हणाल्या. "पिकलेला दाणा कुठे आहे?"

"नाही, मॅडम. गळाले. मी उशिरा गेलो."

मॅडमनी शेवटचा कागद जवळ घेतला. लोंबी मधेच वाकलेली होती. पोत्याखाली एक रात्र राहूनही ती सरळ झाली नव्हती. मॅडमनी बोटाने ती सरळ करायचा प्रयत्न केला, पण बोट काढल्यावर ती पुन्हा होती तशी झाली.

"हे मोडलंय का?"

"नाही, मॅडम. तिथं गाठ होती."

"कसली गाठ?"

मॅडमनी चष्मा काढून खरंच जाणून घ्यायच्या सुरात विचारलं होतं. बुद्धभूषणने सांगितलं, पहिल्यापासून, स्वतःचं वगळून नाही. सांगायला दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मॅडमनी दाण्याच्या रकान्यावर रेघ मारली, कमी मार्क लिहिले आणि खाली सही केली.

संध्याकाळच्या गाडीने तो सौंदडला उतरला आणि सायकलने गावाकडे निघाला. पाळीवर कैलाश जाळं सोडवत बसला होता. वाळलेली देवधानाची ताटं जाळ्याच्या घराघरात अडकली होती आणि तो एकेक ओढून काढत होता. त्याने मान वर केली नाही. काल तो "काय शास्त्रज्ञ" म्हणाला नव्हता, आजही म्हणाला नाही. आता अंधार पडेल, आई वाट बघत असेल, उद्या निवांत बोलू, असं बुद्धभूषणच्या मनात आलं आणि त्याने एक पायडल मारलंही.

मग तो उतरला. सायकल पळसाला टेकवली आणि पाळीवरून चालत जाऊन कैलाशपासून जरा अंतरावर बसला.

कैलाशने जाळ्याचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं.

"धर," तो म्हणाला. "तानून धर."

बुद्धभूषणने धरलं.